वजनकाटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

१९९१ साली मुंबईत एक मोठी पाहणी सुरू झाली. मतदारयाद्या हातात घेऊन कार्यकर्ते घरोघरी जात आणि पस्तिशी ओलांडलेल्यांना तंबाखूबद्दल विचारत. खाता का, ओढता का, मिश्री लावता का? त्याच भेटीत उंची आणि वजनही टिपून घेत. तंबाखू मुंबईकरांचं किती आयुष्य हिरावून घेते, हे शोधणं हा मूळ हेतू होता. १९९७पर्यंत सुमारे १ लाख ४८ हजार माणसांची नोंद झाली. पुढच्या सहा वर्षांत कार्यकर्ते पुन्हा त्याच दारांशी गेले आणि कोण हयात आहे, कोण गेलं, कशानं गेलं, हे लिहून घेतलं.

२००८ साली मंगेश पेडणेकर, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नोंदींतून वजन आणि मृत्यू यांचं नातं तपासून प्रसिद्ध केलं. सर्वाधिक धोका लठ्ठ माणसांना नव्हता. तो होता हाडं दिसणाऱ्या, अगदी कृश माणसांना. ज्यांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, १६च्याही खाली होता, त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसाधारण वजनाच्या माणसांच्या साधारण दुप्पट निघाला. साडेपाच फुटांच्या आत-बाहेरच्या पुरुषासाठी १६ म्हणजे जेमतेम ४५ किलो. क्षयानं मरण्याचा त्यांचा धोका तर कितीतरी पटींनी अधिक होता. उलट २५ ते ३० या पट्ट्यातल्या, रूढ व्याख्येनं ‘वजन जास्त’ असलेल्या मुंबईकरांचा धोका सर्वसाधारण वजनाच्या लोकांपेक्षा वाढलेला आढळला नाही.

म्हणजे जाड असणं निर्धोक, असा याचा अर्थ लावणं घातक ठरेल. उच्चभ्रू सोसायट्यांत आत शिरणंच अवघड असल्यानं त्या या पाहणीतून वगळलेल्या होत्या. कष्टकरी आणि मध्यमवर्गीय मुंबईचं हे चित्र आहे, तेही विसाव्या शतकाच्या अखेरचं. पण जगभर सांगितलं जाणारं ‘जितकं वजन कमी, तितकं आयुष्य अधिक’ हे गणित या शहरात सरळ लागू पडत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. मग वजन आणि आयुष्य यांचं खरं नातं काय?

विम्याच्या वहीतून आलेला आकडा

वजनावरून आयुष्याचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ केली ती विमा कंपन्यांनी. कोणता ग्राहक लवकर मरेल हे आधी कळणं हा त्यांच्या धंद्याचाच प्रश्न होता. अमेरिकेतल्या ‘मेट्रोपॉलिटन लाइफ’ या कंपनीनं आपल्या पॉलिसीधारकांच्या नोंदींवरून १९४०च्या दशकात ‘आदर्श वजना’चे तक्ते छापले. दीर्घायुषी ग्राहकांची वजनं उंचीनुसार मांडून ते बनवले होते. पुढे १९५९ आणि १९८३ साली ते सुधारले गेले आणि जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर चढले. त्यामागचे ग्राहक मुख्यतः विमा परवडणारे गोरे अमेरिकन होते, ही गोष्ट त्या भिंतींवर लिहिलेली नव्हती.

बीएमआयचं सूत्र त्याहून जुनं. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केटले यांनी ते १८३०च्या दशकात मांडलं. लठ्ठपणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. समाजातल्या ‘सरासरी माणसा’चं वर्णन आकड्यांत करता येतं का, हे ते पाहत होते. १९७२ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून हे सूत्र इतर सूत्रांपेक्षा बरं असल्याचं दाखवलं आणि त्याला आजचं नाव दिलं. सोपं, फुकट, कुठेही मोजता येणारं. म्हणूनच ते टिकलं. मोठ्या लोकसंख्येची पाहणी करायला ते उपयोगी आहेच. पण एकेका माणसाचं भविष्य सांगण्यासाठी ते बनवलेलं नव्हतं.

जाडीचा हिशेब

२०१३ साली कॅथरीन फ्लेगल आणि सहकाऱ्यांनी ९७ अभ्यासांमधल्या २८ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. २५ ते ३० या पट्ट्यातल्या लोकांचा मृत्यूचा धोका सर्वसाधारण वजनाच्या लोकांपेक्षा सुमारे सहा टक्के कमी निघाला. ३५च्या पुढे मात्र तो २९ टक्क्यांनी जास्त होता. या निष्कर्षावर मोठं वादळ उठलं. टीकाकारांचं म्हणणं साधं होतं. विडी-सिगारेट ओढणारी माणसं बहुधा सडपातळ असतात आणि लवकर मरतात. कर्करोग, क्षय, फुप्फुसांचे जुने विकार निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाला वाळवत नेतात. अशी माणसं ‘सर्वसाधारण वजन’ या रकान्यात मोजली, तर तो रकाना उगाचच धोकादायक दिसतो.

२०१६ साली जगभरच्या संशोधकांच्या मोठ्या गटानं हे दोन्ही गोंधळ बाजूला काढले. चार खंडांतल्या २३९ अभ्यासांतली १ कोटीहून अधिक माणसं त्यांच्यासमोर होती. त्यातून कधीच धूम्रपान न केलेली, सुरुवातीला कोणताही जुनाट आजार नसलेली आणि पाहणीच्या पहिल्या पाच वर्षांत न दगावलेली सुमारे ४० लाख माणसं त्यांनी वेगळी काढली. त्यांच्यात सर्वात कमी मृत्यू २० ते २५ या पट्ट्यात दिसले. २५च्या वर दर पाच अंकांमागे धोका साधारण ३१ टक्क्यांनी वाढत होता. २०च्या खालीही तो वाढलाच. त्याआधी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ९ लाख लोकांच्या विश्लेषणानं हिशेब वर्षांत मांडला होता. बीएमआय ३० ते ३५ असेल तर आयुष्य दोन ते चार वर्षांनी घटतं आणि ४० ते ४५ असेल तर आठ ते दहा वर्षांनी. म्हणजे दीर्घकाळ सिगारेट ओढल्यानं होतं तेवढंच नुकसान.

तेव्हा अति लठ्ठपणा आयुष्य कापतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. असं वजन उतरवलं तर आयुष्य वाढतं का, याचंही उत्तर स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासानं दिलं. जठरावरची शस्त्रक्रिया करून वजन घटवलेली सुमारे दोन हजार लठ्ठ माणसं आणि शस्त्रक्रिया न केलेली तेवढीच लठ्ठ माणसं यांची तुलना झाली. शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी तीन वर्षं अधिक मिळाली. तरीही सर्वसामान्य स्वीडिश माणसाच्या आयुर्मानापर्यंत ती पोहोचली नाहीत. आधीची अनेक वर्षं वाहिलेल्या वजनाचा परिणाम पूर्ण पुसला जात नाही.

अन्नाची टोपली

दुसरं टोक भारताला अधिक जवळचं आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सुमारे १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष कमी वजनाचे आहेत, तर २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे. दोन्ही संकटं एकाच देशात, एकाच तालुक्यात, कित्येकदा एकाच घरात नांदतात.

कमी वजन मारतं कसं, हे क्षयरोगात सर्वात उघड दिसतं. अपुऱ्या अन्नानं प्रतिकारशक्ती ढासळते, वर्षानुवर्षं सुप्त राहिलेला जंतू डोकं वर काढतो, आजारानं भूक जाते आणि वजन आणखी उतरतं. हे चक्र तोडता येतं का, हे अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये तपासलं. त्यांनी क्षयाच्या २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल यांची टोपली दिली. यांतल्या एका गटात रुग्णांच्या घरच्यांनाही शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटात दिल्या नाहीत. घरातली १० हजारांहून अधिक माणसं या प्रयोगात होती. २०२३ साली निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. फुप्फुसाचा, तपासणीत सिद्ध झालेला क्षय ४८ टक्क्यांनी कमी. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी घटलेला दिसला.

चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो. तेवढ्या दोन किलोंनी जगण्या-मरण्यात एवढा फरक पडत असेल, तर त्या रुग्णाच्या वजनाकडे डॉक्टरांनी औषधाच्या मात्रेइतकंच लक्ष द्यायला हवं. नोव्हेंबर २०२४पासून सरकारनं क्षयरुग्णांचा पोषणभत्ता महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये केला, त्यामागे असल्या पुराव्याचं बळ आहे.

पुण्याचं बाळ

कृश माणसांचा देश आणि मधुमेहींचा देश, या दोन्ही ओळखी भारताला एकाच वेळी कशा मिळाल्या? या कोड्याचं सर्वात पटणारं उत्तर पुण्यातून आलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांतल्या मधुमेह्यांसारखे दिसत नव्हते. ते वयानं तरुण होते आणि पुष्कळदा अंगानं किरकोळ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या स्त्रियांची गरोदर होण्याआधीच मोजमापं घेतली, गर्भारपणातला आहार आणि कष्ट नोंदवले आणि जन्मलेल्या बाळांचं अंग न् अंग मोजलं. आयांचं सरासरी वजन होतं ४२ किलोंच्या आसपास. बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. बाळ आठशे ग्रॅमनी हलकं, इथवर आश्चर्य नव्हतं. पण ते हलकेपण सगळ्या अंगांत सारखं वाटलेलं नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव फार मागे होते. कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, जवळजवळ इंग्लिश बाळाइतकीच होती. काट्यावर हलकं, पण आतून चरबीचं असं हे बाळ वैद्यकाच्या जगात ‘थिन-फॅट बेबी’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

मोठेपणी हे कसं दिसतं, ते २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या एका छायाचित्रानं जगाला दाखवलं. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. तपासणीत युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हा एक भाग. याज्ञिक यांचं जन्मवजन कमी होतं, हा दुसरा. केटलेंच्या सूत्राला या दोघांत काडीचाही फरक दिसला नव्हता.

त्या सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. त्यातली जवळपास निम्मी कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर बिघडू लागली होती. बहुतेकांची मधुमेहाआधीची पायरी होती. पोटभर खाऊन सुस्तावलेल्या शहरी पोरांची ही गोष्ट नाही, गावाकडच्या सडपातळ तरुणांची आहे.

याचं कारण चरबी कुठे जाते यात आहे. कातडीखालची चरबी फारशी उपद्रवी नसते, ती शरीराची साठवणीची जागा आहे. कणगी भरली की धान्य घरभर सांडायला लागतं, तशी ही जागा भरल्यावर चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती जमू लागते. तिथे तिला जागा नसते. यकृत साखर सोडत राहतं, इन्सुलिन निष्प्रभ होतं, रक्तवाहिन्यांना सूज येते. कुणाची साठवण मोठी, कुणाची लहान. लहान असेल त्याला सत्तर किलोतही मधुमेह गाठतो. ब्रिटनमधले प्राध्यापक रॉय टेलर यांनी बीएमआय २७च्या आत असलेल्या २० मधुमेह्यांवर एक छोटा प्रयोग केला. काटेकोर आहारानं थोडं थोडं वजन उतरवत नेल्यावर त्यांच्यापैकी १४ जणांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला. लठ्ठ न दिसणाऱ्या माणसालाही त्याच्यापुरतं वजन जास्त असू शकतं.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा आकडा सुचवला आणि २००९च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनानं २५ हीच लठ्ठपणाची सीमा मानली. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असंही त्यात ठरलं. ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांच्या एका अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याचा अंदाज बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबांच्या मापांच्या गुणोत्तरानं किती तरी चांगला आला होता.

मूठ आणि वय

वजनात फक्त चरबीच मोजली जाते असं नाही. हाड आणि स्नायूही त्यात येतात, आणि दीर्घायुष्याच्या हिशेबात स्नायूंचं वजन जमेच्या बाजूला धरायचं असतं. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पकड पाच किलोंनी कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अकाली मृत्यूचा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा पकडीवरून अधिक चांगला बांधता आला.

वय वाढतं तसा तर हिशेबच बदलतो. पासष्टीच्या पुढच्या जवळपास दोन लाख लोकांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ साली झालं. तिथे सर्वात कमी धोका २७.५च्या आसपास होता आणि २३च्या खाली तो चढत गेला. ही माणसं बहुतांशी पाश्चात्त्य होती, त्यामुळे नेमका आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण म्हातारपणी थोडं मांस अंगावर असणं न्यूमोनियात, पडून हाड मोडल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कामी येतं, हे डॉक्टर रोज पाहतात. मराठी घरांत मात्र आजोबा रात्री दूध-पोळीचे चार घास घेऊन उठतात, आजी उपवास सोडायला तयार नसतात, आणि वजन उतरलं की ‘बरं झालं, गुडघ्यांवरचा भार गेला’ असं म्हटलं जातं. मुद्दाम न उतरवता सहा महिन्यांत पाच टक्के वजन गेलं असेल, तर ती शाबासकी देण्याची गोष्ट नाही. डॉक्टरांकडे जाण्याचं ते कारण आहे. वरण, उसळ, दही, अंडं यांचं ताटातलं प्रमाण वयाबरोबर घटत जातं, ते घटू देता कामा नये. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हा साधा व्यायामही मांड्यांचे स्नायू जपतो.

भूक दाबून वजन झपाट्यानं उतरवणारी नवी इंजेक्शनं आता भारतातही मिळू लागली आहेत. हृदयविकार असलेल्या जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ रुग्णांत सेमाग्लुटाइडनं झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवलं, असं १७ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत २०२३ साली दिसलं. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी हे मोठं पाऊल आहे. मात्र उतरलेल्या किलोंत स्नायूंचाही वाटा असतो. आधीच स्नायू कमी असलेल्या भारतीय शरीरात तो वाटा जपण्यासाठी प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम उपचाराबरोबरच हवा.

जानेवारी २०२५मध्ये ‘लॅन्सेट’नं नेमलेल्या ५६ तज्ज्ञांच्या आयोगानं लठ्ठपणाची व्याख्याच बदलायला सुचवलं. केवळ बीएमआयवरून निदान करू नये. कंबर मोजावी किंवा शरीरातली चरबी थेट तपासावी, आणि त्या चरबीनं एखादा अवयव बिघडवला आहे का, हे पाहावं. ‘लॅन्सेट’मध्येच २००४ साली छापलेल्या त्या जोड-छायाचित्राचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं.

पुण्याच्या संशोधकांनी मात्र पुढचा प्रश्न हाती घेतला आहे. पोट सुटल्यावर ते कमी करण्याऐवजी, मूल जन्माला येण्याआधीच काही करता येईल का? त्या गावांतल्या अनेक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी सापडलं होतं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनला शरीराचा प्रतिरोध अधिक दिसला होता. म्हणून तीच मुलं किशोरवयात असताना, २०१२पासून, त्यांच्यातल्या काहींना बी-१२च्या अगदी लहान मात्रेच्या गोळ्या रोज देणं सुरू झालं. काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्यंही मिळाली. मुलींबरोबर मुलग्यांनाही या गोळ्या दिल्या गेल्या, कारण बाळाच्या जडणघडणीत बापाचाही वाटा असतो. आता ही मुलं स्वतः आईबाप झाली आहेत आणि त्यांच्या लेकरांची वाढ संशोधक मोजत आहेत. या लेकरांच्या आज्यांची मोजमापं तीस वर्षांपूर्वी त्याच गावांत घेतली गेली होती, त्यामुळे तीन पिढ्यांच्या नोंदी एकत्र ठेवून पाहण्याची सोय झाली आहे.